कॉम्पॅक्ट डिस्क वादक : ध्वनिगुणवत्तेतील सुधारणांचा इतिहास

कॉम्पॅक्ट डिस्कवर (संहत तबकडीवर) अंकीय स्वरूपात मुद्रित केलेला ध्वनी लेसर किरणाच्या साहाय्याने वाचून त्याचे पुन्हा विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणास कॉम्पॅक्ट डिस्क वादक असे म्हणतात. १९८२ मध्ये हे उपकरण विक्रीस आले, तेव्हा त्याचा ध्वनी निर्दोष असल्याचा व तो कायम तसाच राहील असा गाजावाजा झाला. प्रत्यक्षात त्यानंतर सु. वीस वर्षे अभियंते, लहानमोठे उत्पादक आणि हौशी श्रोते त्यात सुधारणा करीत राहिले. या प्रयत्नांच्या ओघात ‘सुधारणा’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांपासून वेगळे होत गेले : मूळ मुद्रणाशी अधिक प्रामाणिक राहणे हा एक आणि श्रोत्यास अधिक रुचेल असा ध्वनी मिळविणे हा दुसरा.

मानक : नेदर्लंड्समधील फिलिप्स कंपनीने ८ मार्च १९७९ रोजी आइंटहोव्हन येथे या पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले. पुढे जपानमधील सोनी कंपनीच्या सहकार्याने १९८० मध्ये मानक निश्चित झाले. त्यानुसार तबकडीचा व्यास १२ सेंमी. व जाडी १.२ मिमी. असते. ध्वनिसंकेताचे सेकंदास ४४,१०० वेळा मापन करून प्रत्येक माप १६ बिटांच्या (द्विमान अंकांच्या) संख्येने दर्शवितात. यामुळे २०,००० हर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) मुद्रित करता येतात आणि अत्यंत मंद व अत्यंत मोठ्या ध्वनीमध्ये सैद्धांतिक दृष्ट्या सु. ९८ डेसिबेलचे अंतर राखता येते.

तबकडीवरील सूक्ष्म खळग्यांच्या लगतच्या रांगांमध्ये केवळ १.६ मायक्रोमीटर अंतर असते. धूळ व ओरखडे यांमुळे वाचनात चुका होणे अटळ असल्याने आय्. एस्. रीड व जी. सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतन पद्धतीचा उपयोग करण्यात आला. तिच्यामुळे मार्गाचा सु. २.५ मिमी. लांबीचा भाग वाचता आला नाही, तरी त्यातील माहिती पूर्णपणे परत मिळविता येते. म्हणजेच सुस्थितीतील तबकडीवरील अंक साध्या वादकातही अचूक वाचले जातात. दोष निर्माण होतात ते मुख्यत्वे अंकांचे ध्वनिसंकेतात रूपांतर होताना. वादकातील कोणती सुधारणा सार्थ व कोणती निरर्थक, हे ठरविताना ही बाब निर्णायक ठरते.

पहिले वादक : सोनीचा सीडीपी-१०१ हा वादक १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्यात डाव्या व उजव्या वाहिन्यांसाठी एकच परिवर्तक आळीपाळीने वापरलेला असल्याने दोन वाहिन्यांत सु. ११ मायक्रोसेकंदांचे अंतर पडे. रूपांतरानंतर श्राव्य मर्यादेच्या वर उमटणाऱ्या प्रतिमा-कंप्रता काढून टाकण्यासाठी छानक (नको असलेल्या कंप्रता अडविणारे मंडल) लागते. २०,००० हर्ट्‌झच्या स्वराची पहिली प्रतिमा २४,१०० हर्ट्‌झला येत असल्याने हे छानक अत्यंत तीव्र उताराचे करावे लागे व त्यामुळे उच्च कंप्रतांचा कालसंबंध बिघडे.

फिलिप्सने वेगळा मार्ग स्वीकारला. त्या कंपनीचा परिवर्तक १४ बिटांचाच होता. परंतु मापनांची संख्या अंकगणिताने चौपट, म्हणजे सेकंदास १,७६,४०० करण्यात आली. परिणामी पहिली प्रतिमा १,५६,४०० हर्ट्‌झपर्यंत दूर गेली व सौम्य उताराचे छानक पुरेसे झाले. शिवाय रूपांतरातील गोंगाट विस्तृत पट्ट्यात पसरून त्याचा मोठा भाग श्राव्य मर्यादेबाहेर ढकलला गेल्याने १४ बिटांतून १६ बिटांच्या जवळपासची कामगिरी साधली. बिटांची संख्या हीच गुणवत्ता, हा समज यामुळे आरंभीच खोटा ठरला.

परिवर्तक व कालमापन : इंग्लंडमधील मेरिडियन कंपनीने १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास फिलिप्सच्या वादकातील मंडलांची फेररचना करून आपला वादक तयार केला. तयार यंत्रणा घेऊन तिचा विद्युत् पुरवठा व प्रदान विवर्धक (बाहेर जाणाऱ्या संकेताचे मंडल) सुधारण्याची ही रीत पुढे अनेक लहान उत्पादकांनी उचलली. १९८५ च्या सुमारास फिलिप्सचा टीडीए १५४१ हा १६ बिटांचा परिवर्तक आला. त्याच्या सुधारित आवृत्तीतील निवडक, अधिक अचूक नग महागड्या वादकांसाठी वेगळे काढले जात.

बहुबिट परिवर्तकात सर्वांत मोठ्या बिटाचा प्रवाह सु. ६५,००० भागांत एका भागाइतका अचूक असावा लागतो. संकेत शून्य ओलांडताना हाच बिट बदलत असल्याने त्यातील चूक नेमकी मंद ध्वनीत जाणवते. उलट, एकाच बिटाचा परिवर्तक अतिशय जलद चालविल्यास ही अडचण उद्‌भवत नाही. या पद्धतीचे तत्त्व जपानमधील एच्. इनोसे, वाय्. यासुदा व जे. मुराकामी यांनी १९६२ मध्ये मांडले होते. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फिलिप्स व मात्सुशिता या कंपन्यांनी ते वादकात आणले आणि पूर्वी उंची वादकांपुरती मर्यादित असलेली अचूकता अल्प किंमतीत मिळू लागली.

त्यानंतर कालमापनाकडे लक्ष गेले. अंक अचूक असूनही त्यांच्या रूपांतराचा क्षण मागेपुढे झाला, तर ध्वनीत विकृती येते. २०,००० हर्ट्‌झच्या पूर्ण पातळीच्या स्वरात ही चूक सर्वांत लहान बिटाच्या निम्म्याहून कमी राखावयाची असेल, तर क्षणातील ढळ सु. १२१ पिकोसेकंदांपेक्षा (१ पिकोसेकंद = सेकंदाचा एक लक्ष कोटीवा भाग) कमी असावा लागतो. तबकडी वाचणारा भाग व परिवर्तक ही स्वतंत्र उपकरणे करण्याची प्रथा तोवर रूढ झाली होती. पण दोहोंना जोडणाऱ्या अंकीय वाहिनीतच असा ढळ निर्माण होऊ शकतो, हे सी. डन व एम्. जे. हॉक्सफर्ड यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले. अधिक खर्चाची रचना नेहमीच सरस नसते, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.

हौशी फेरफार : आपल्याजवळील वादक उघडून त्यात बदल करणाऱ्यांचा वर्ग याच सुमारास वाढला. प्रदान विवर्धकाची संकलित मंडले बदलणे, विद्युत् धारित्रे नवी बसविणे, अधिक स्थिर क्वार्ट्‌झ स्फटिक आंदोलक जोडणे व प्रत्येक भागास स्वतंत्र नियंत्रित विद्युत् पुरवठा देणे हे त्यांतील प्रमुख फेरफार होत. मूळ रचना सदोष असल्यास यांचा परिणाम उपकरणांनी मोजता येतो. याउलट, १९९० च्या सुमारास तबकडीची कड हिरव्या शाईने रंगविण्याची जी लाट आली, तिने वाचलेल्या अंकांत काहीही बदल होत नव्हता.

जपानमधील आर्. कुसुनोकी यांनी १९९० नंतरच्या दशकात मापनसंख्या न वाढविता व अंकीय छानक वगळून थेट रूपांतर करण्याचा पुरस्कार केला. अनेकांना हा ध्वनी अधिक नैसर्गिक वाटला. तथापि या रचनेत २०,००० हर्ट्‌झला सु. ३.२ डेसिबेलची घट येते व प्रतिमा-कंप्रता शिल्लक राहतात. येथे आवड व अचूकता यांच्या वाटा उघडपणे वेगळ्या होतात. आवड खोटी नसते. मात्र तिला अचूकतेचे नाव देता येत नाही.

मूल्यमापन : दोन वादकांची तुलना करताना त्यांची पातळी समान नसेल, तर किंचित मोठा ध्वनी सरस भासतो. म्हणून पातळी जुळवून व उपकरणाची ओळख लपवून चाचण्या घेतात. ई. बी. मायर व डी. आर्. मोरान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अशा ५५४ चाचण्यांत उच्च विभेदनाचा संकेत कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानकातून नेला असता तो फरक ओळखणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच, म्हणजे केवळ अंदाजाइतके, आढळले. अतिशय मोठ्या पातळीस मात्र शांत भागांतील गोंगाट ऐकू येई. जे. डी. रीस यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण करून उच्च विभेदनाचा फरक अल्प प्रमाणात ओळखता येतो, असा निष्कर्ष काढला. दोन्ही निष्कर्षांवरून उरलेला फरक असलाच तर फार लहान आहे, हे स्पष्ट होते.

सद्यःस्थिती : २००० नंतर कॉम्पॅक्ट डिस्कची विक्री घटत गेली, तरी १९८० नंतरच्या दशकातील उत्तम वादक संग्राहकांकडे वापरात आहेत. त्यांतील विद्युत् विच्छेद्य असलेली धारित्रे काळाच्या ओघात सुकतात व लेसर क्षीण होतो. त्यामुळे ती बदलणे ही आता सुधारणेपेक्षा जतनाची बाब झाली आहे. हे काम करताना सु. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर किरण डोळ्यांस जवळजवळ दिसत नसूनही अपायकारक असतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक असते. सुस्थितीतील वादकाच्या बाबतीत अधिक खर्च करण्यापूर्वी ध्वनिक्षेपक, श्रवणकक्ष व मूळ मुद्रण यांचा विचार करणे श्रेयस्कर ठरते. कारण मुद्रणाच्या वेळी जे नोंदले गेले नाही, ते कोणत्याही वादकास परत आणता येत नाही.