ग्रँड कॅनियन : बघणाऱ्यांचं आणि राहणाऱ्यांचं

अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेली आपली मंडळी ग्रँड कॅनियन बघून येतातच. मीही बघून आलो. दरीबद्दल काय सांगावं! ४४६ किलोमीटर लांब, दीडएक किलोमीटर खोल, तळाशी कोलोराडो नदी. फोटो तुम्ही खूप पाहिलेत, म्हणून आज तिथल्या माणसांबद्दल लिहितो.

दक्षिण काठावरून ब्राइट एंजल नावाची पायवाट खाली उतरते. सात किलोमीटरवर एक झरा लागतो, भोवती हिरवीगार झाडी. या जागेला कित्येक वर्षं 'इंडियन गार्डन' म्हणायचे. २०२२ मध्ये अधिकृत नाव झालं 'हवासुपाई गार्डन्स'. हवासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याची माणसं. उन्हाळ्यात दरीत मका, घेवडा, भोपळा लावायचा आणि हिवाळ्यात वर पठारावर शिकारीला जायचं, असं त्यांचं शेकडो वर्षांचं चक्र. ती पायवाटही मुळात त्यांचीच.

१८८२ मध्ये सरकारने त्यांना दरीतली फक्त ५१८ एकर जमीन 'राखीव' म्हणून दिली. पठार गेलं, म्हणजे निम्मं वर्ष गेलं! पुढे १९०१ मध्ये रेल्वे थेट काठापर्यंत आली, मागोमाग हॉटेलं आली. राल्फ कॅमेरॉन नावाच्या गृहस्थाने पायवाटेवर खाणींचे दावे ठोकले आणि खाली उतरणाऱ्या प्रवाशांकडून एक-एक डॉलर टोल घ्यायला लागला. १९२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. त्याच वर्षी हे महाशय सिनेटवर निवडूनही आले. राजकारण सगळीकडे सारखंच, दुसरं काय!

१९०८ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दरीला राष्ट्रीय स्मारक केलं, २६ फेब्रुवारी १९१९ ला ती राष्ट्रीय उद्यान झाली. ते झालं नसतं तर खाणवाल्यांनी दरीचं काय केलं असतं, याची कल्पना कॅमेरॉनवरून येते. पण त्याच उद्यानाने १९२८ मध्ये झऱ्याकाठच्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशालाही बाहेर काढलं. टोलवाला गेला आणि मूळ मालकही गेला.

हवासुपाईंनी मागणी सोडली नाही. १९७० च्या दशकात जमीन परत द्यायचा विषय संसदेत आला तेव्हा सिएरा क्लबसारख्या पर्यावरणवादी संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. तरीही ३ जानेवारी १९७५ ला अध्यक्ष फोर्ड यांनी सही केली आणि पठारावरची सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. दरीतल्या सुपाई गावात आजही मोटार जात नाही, टपाल खेचरांवरून जातं.

हे वाचताना मेळघाट आठवला ना? बोरिवलीच्या उद्यानातले आदिवासी पाडे आठवले? आपला वनहक्क कायदा २००६ चा. दाव्यांची प्रकरणं अजून कचेऱ्यांत फिरतायत. चर्चा निघाली की कुणीतरी हमखास विचारतं, "जंगल वाचवायचं की माणसं?" त्यांना १९७५ च्या त्या कायद्याबद्दल जरूर सांगा. जमीन परत देताना तिच्यावर व्यापारी खाणकाम आणि लाकूडतोड करायची नाही, ही अट त्याच कायद्यात घातली होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर बसल्या. आपल्याकडे का बसू नयेत?