देशीयकरणाद्वारे भारतीय नागरिकत्व

जन्माने भारतीय नसलेल्या व्यक्तीस ठरावीक काळ भारतात वास्तव्य केल्यानंतर व कायद्यातील अटी पूर्ण केल्यानंतर मिळणाऱ्या नागरिकत्वास देशीयकरणाद्वारे मिळालेले नागरिकत्व असे म्हणतात. पाठ्यपुस्तकांत यासाठी ‘नैसर्गिकीकरण’ किंवा ‘स्वीकृत नागरिकत्व’ हे शब्दही आढळतात. नागरिकत्व अधिनियम, १९५५ मध्ये नागरिकत्व मिळण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत: जन्म (कलम ३), वंश (कलम ४), नोंदणी (कलम ५), देशीयकरण (कलम ६) आणि नव्या प्रदेशाचा भारतात समावेश (कलम ७). यांपैकी देशीयकरण हा मार्ग मुख्यत्वे भारतीय वंशाचा किंवा भारतीय व्यक्तीशी विवाहाचा आधार नसलेल्या परदेशी व्यक्तींसाठी आहे.

पार्श्वभूमी

भारतीय संविधानाच्या दुसऱ्या भागात (अनुच्छेद ५ ते ११) संविधानाच्या प्रारंभी कोण नागरिक होते, हे निश्चित केले आहे. फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेल्यांचा प्रश्न अनुच्छेद ६ ने सोडवला. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेल्या व सामान्यतः भारतात राहणाऱ्या पात्र व्यक्तींना नागरिक मानण्यात आले. त्यानंतर आलेल्यांना किमान सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करावी लागली. उल्हासनगर येथे वसलेल्या सिंधी निर्वासितांचे नागरिकत्व या तरतुदीशी निगडित होते. पुढील काळासाठी कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद ११ ने संसदेस दिला व त्यानुसार १९५५ चा अधिनियम झाला.

वास्तव्याची अट काळाच्या ओघात कडक होत गेली. मूळ कायद्यात एकंदर पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे होते. १९८६ च्या दुरुस्तीने ते दहा वर्षे व २००३ च्या दुरुस्तीने बारा वर्षे झाले.

अटी

अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार अर्जदाराने पुढील अटी पूर्ण करणे आवश्यक असते.

१. अर्जदार सज्ञान असावा व ‘अवैध स्थलांतरित’ नसावा. वैध पारपत्राशिवाय आलेली किंवा परवानगीची मुदत संपल्यावरही राहिलेली व्यक्ती अवैध स्थलांतरित ठरते.
२. ज्या देशात भारतीयांना देशीयकरणाने नागरिक होता येत नाही, अशा देशाचा तो नागरिक नसावा.
३. अर्ज मान्य झाल्यास आपले पूर्वीचे नागरिकत्व सोडण्याची हमी त्याने द्यावी.
४. अर्जापूर्वीचे सलग बारा महिने तो भारतात राहिलेला किंवा भारतात शासकीय सेवेत असावा.
५. त्या बारा महिन्यांच्या आधीच्या चौदा वर्षांत त्याचे एकूण अकरा वर्षे वास्तव्य किंवा शासकीय सेवा झालेली असावी. ही अकरा वर्षे सलग असण्याची आवश्यकता नाही.
६. त्याचे चारित्र्य चांगले असावे.
७. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे त्यास पुरेसे ज्ञान असावे.
८. नागरिकत्व मिळाल्यावर भारतात राहण्याचा अथवा कायद्यात नमूद केलेल्या सेवेत राहण्याचा त्याचा हेतू असावा.

विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती या क्षेत्रांत विशेष सेवा केलेल्या व्यक्तीस केंद्र सरकार यांपैकी सर्व किंवा काही अटींतून सूट देऊ शकते. पाकिस्तानी नागरिकत्व सोडलेले व मुंबईत राहणारे गायक अदनान सामी यांना १ जानेवारी २०१६ पासून भारतीय नागरिकत्व मिळाले.

भाषेची अट

आठव्या अनुसूचीत आज २२ भाषा आहेत. मराठी त्यांत आरंभापासून आहे, तर कोकणीचा समावेश १९९२ च्या ७१ व्या घटनादुरुस्तीने झाला. अट केवळ एका भाषेची असल्याने हिंदी येत नसलेला, परंतु मराठी जाणणारा परदेशी अर्जदारही पात्र ठरतो. बोलींना मात्र स्वतंत्र स्थान नाही. वसई तालुक्यातील गास, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या परिसरात बोलली जाणारी सामवेदी (कादोडी) किंवा किनाऱ्यालगतची वाडवळी यांचा अनुसूचीत स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे या भागात स्थायिक झालेल्या परदेशी व्यक्तीने तेथील बोली आत्मसात केली, तरी कागदोपत्री तिला मराठीचे किंवा अनुसूचीतील अन्य भाषेचे ज्ञान दाखवावे लागते. इंग्रजी या अनुसूचीत नाही, ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही.

प्रक्रिया

अर्ज विहित नमुन्यात करावा लागतो. त्यासोबत पारपत्र व निवास परवाना यांच्या प्रती, चारित्र्याविषयी दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रे, भाषाज्ञानाची प्रमाणपत्रे आणि नागरिकत्व घेण्याचा मनोदय जाहीर करणाऱ्या वृत्तपत्रीय सूचनांची कात्रणे जोडावी लागतात. जिल्हाधिकारी कार्यालयातील छाननीनंतर अर्ज राज्य शासनामार्फत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. अर्ज मान्य झाल्यावर अर्जदारास दुसऱ्या अनुसूचीतील निष्ठेची शपथ घ्यावी लागते व त्यानंतर देशीयकरणाचे प्रमाणपत्र दिले जाते.

सर्व अटी पूर्ण झाल्या तरी नागरिकत्व हा अर्जदाराचा हक्क ठरत नाही. कलम १४ नुसार अर्ज मान्य किंवा अमान्य करणे हे शासनाच्या विवेकाधीन असून त्याची कारणे देण्याचे बंधन नाही.

अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून आलेल्या अल्पसंख्याकांसाठी डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने काही जिल्हाधिकाऱ्यांना थेट अधिकार दिले. महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे यांचा त्यात समावेश होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा त्या यादीत नव्हता.

२०१९ ची दुरुस्ती

२०१९ च्या दुरुस्तीने वरील तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ रोजी किंवा त्यापूर्वी भारतात आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींसाठी अकरा वर्षांची अट पाच वर्षांवर आणली. सूटप्राप्त व्यक्तींना अवैध स्थलांतरित मानले जात नाही. दुरुस्ती १० जानेवारी २०२० रोजी अमलात आली व तिचे नियम ११ मार्च २०२४ रोजी जाहीर झाले. मुस्लिम समाजास वगळल्यामुळे ही दुरुस्ती समानतेच्या तत्त्वाविरुद्ध असल्याचा आक्षेप घेण्यात आला असून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. धार्मिक छळामुळे आलेल्यांना संरक्षण देणे हा दुरुस्तीचा हेतू असल्याची शासनाची भूमिका आहे.

वास्तव्य आणि नागरिकत्व

दीर्घ वास्तव्य म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे लुई द राड्ट विरुद्ध भारत संघ (१९९१) या खटल्यात स्पष्ट झाले. १९३७ पासून भारतात राहिलेल्या या बेल्जियन धर्मप्रचारकाने अनुच्छेद ५ च्या आधारे आपण नागरिक असल्याचा दावा केला होता. केवळ वास्तव्य पुरेसे नसून येथेच कायमचे राहण्याचा हेतू संविधानाच्या प्रारंभी होता हे सिद्ध झाले पाहिजे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अर्धशतकाहून अधिक काळ भारतात घालवूनही कायद्याच्या दृष्टीने ते परदेशीच राहिले.

याउलट, अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट (१९४१–२०२१) यांनी १९८३ मध्ये भारतीय नागरिकत्व स्वीकारले. सांगली जिल्ह्यातील कासेगाव ही त्यांची कर्मभूमी होती.

गोवा व वसई

गोवा, दमण व दीव येथील जनतेस देशीयकरणाचा मार्ग अनुसरावा लागला नाही. कलम ७ खालील १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात जन्मलेल्या किंवा ज्यांचे आईवडील अथवा आजीआजोबा तेथे जन्मले होते, अशा व्यक्ती भारतीय नागरिक ठरल्या. पूर्वीचे नागरिकत्व कायम ठेवू इच्छिणाऱ्यांना लेखी घोषणेसाठी एक महिना मिळाला. मोन्सिन्योर मोंतेरो या गोमंतकीय धर्मगुरूंनी तशी घोषणा करून पोर्तुगीज नागरिकत्व राखले. पुढे निवास परवान्याचे नूतनीकरण न केल्याने त्यांना शिक्षा झाली व १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. आपल्या जन्मभूमीतच ते परदेशी ठरले.

पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. वसईवरही १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांची सत्ता होती. मात्र चिमाजी अप्पांच्या विजयाने ती १७३९ मध्येच संपली. त्यामुळे केवळ पूर्वजांचे पोर्तुगीज आडनाव किंवा ख्रिस्ती धर्म यांच्या आधारे वसईकरांना हा लाभ मिळत नाही.

नागरिकत्वाचे परिणाम व समाप्ती

देशीयकरणाने झालेल्या नागरिकास मतदानासह जन्मजात नागरिकासारखे राजकीय अधिकार मिळतात. भारतात अशी व्यक्ती राष्ट्रपतिपदासही अपात्र नसते. अमेरिकेत मात्र अध्यक्षपद जन्मजात नागरिकांसाठी राखीव आहे. तथापि, हे नागरिकत्व कलम १० नुसार काढून घेता येते. फसवणूक, संविधानाशी निष्ठाहीन वर्तन, युद्धकाळात शत्रूशी व्यापार, पहिल्या पाच वर्षांत दोन वर्षांहून कमी नसलेली कारावासाची शिक्षा किंवा सलग सात वर्षे परदेशी वास्तव्य ही त्याची कारणे होत. अखेरच्या कारणास शिक्षण, शासकीय सेवा इत्यादी अपवाद आहेत.

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. अमेरिकेत सामान्यतः पाच वर्षांच्या व कॅनडात पाचपैकी तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे म्हणूनच निवडीचा प्रश्न उभा राहतो. त्यांना ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ (ओसीआय) म्हणून नोंदणी करता येते, परंतु नावात ‘नागरिक’ असले तरी ते नागरिकत्व नव्हे. अशा व्यक्तीस मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. केळी व पानवेलींच्या वाड्या असलेल्या वसईसारख्या भागातील कुटुंबांच्या दृष्टीने ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. वारसाहक्काने मिळालेली वाडी मात्र त्यांना बाळगता येते.

हेही पाहा: भारतीय संविधान, नागरिकत्व अधिनियम १९५५, गोवा मुक्तिसंग्राम, वसईचा किल्ला, सामवेदी बोली