मुक्कामाची गाडी

दिवाळीची सुटी लागली की घरोघरी एक वाद ठरलेला असतो. मुलांना कुठे तरी जायचे असते, वडिलांच्या डोळ्यांपुढे खर्चाचा आकडा नाचत असतो, आणि आजीची अट एकच असते : "जा बाप्पा, पण दिवे लागाच्या आंधी घरी या." आजीच्या या अटीला हसू नये. मुक्काम म्हटला की नातेवाईक शोधणे आले, अंथरुणाची वळकटी आली, आणि ज्याच्या घरी उतरायचे त्याच्या बायकोच्या कपाळावरची आठीही आली. सकाळी जावे, शहर पाहावे, संध्याकाळी आपल्या उंबऱ्यावर परत यावे, हा प्रवास गरिबालाही परवडतो. म्हणूनच आगगाडीचा शोध लागल्यापासून माणसाने वेगाकडे जे मागितले ते मुख्यतः हेच, की जाणे आणि येणे एका दिवसात बसव.

आज आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बुलेट गाडीच्या गोष्टी निघतात. मुंबई-नागपूर या नियोजित अतिवेगवान मार्गाचा अभ्यास झाला, 2021 साली आकाशातून त्याची मोजणीही झाली, आणि स्थानकांच्या यादीत आमच्या मेहकरचे नाव आले. ज्या मेहकरने आजवर रूळ म्हणून पाहिलेला नाही, तिथे एकदम ताशी 350 किलोमीटर वेगासाठी आखलेली गाडी थांबणार! मार्ग अजून कागदावर आहे. पण कागदावरच्या गाडीतही माणसे मनाने बसतात. तेव्हा ही एका दिवसाची सहल आजवर कोणाच्या वाट्याला आली, कशी आली, हे इतिहासात जरा डोकावून पाहावे, असे मला वाटते.

पहिला दाखला परदेशचा आहे. 5 जुलै 1841 रोजी इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने लेस्टरहून लफबरोपर्यंत खास गाडी ठरवून सुमारे पाचशे माणसे नेली आणि त्याच दिवशी परत आणली. भाडे माणशी एक शिलिंग. ही मंडळी दारूबंदीच्या सभेला निघाली होती! पुढे कुकच्या नावाची प्रवासी कंपनी जगभर पसरली. माणसाला नुसते तिकीट नको असते. कुठे उतरायचे, काय पाहायचे, परत केव्हा निघायचे हे सांगणारा वाटाड्या हवा असतो, हे त्याने ओळखले.

आपल्याकडची कथा तर याहून गमतीची आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली उतारूगाडी निघाली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी. पण पुढे काय झाले ते पाठ्यपुस्तक सांगत नाही. पाहुणे ठाण्यास उतरले, तंबूंत त्यांना मेजवानी झाली, आणि संध्याकाळी तीच गाडी त्यांना घेऊन मुंबईस परतली. दुसऱ्या दिवशी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी सबंध गाडी आपल्या कुटुंबासाठी आणि स्नेह्यांसाठी राखून ठेवली आणि ठाण्याला जाऊन पुन्हा मुंबई गाठली. म्हणजे या देशातल्या आगगाडीचे पहिले दोन दिवस एकदिवसाच्या सहलीतच गेले! फक्त सहल शहराची होती आणि ठाणे हे पाहण्याचे ठिकाण होते. पुढे दहा वर्षांनी, 1863 साली, गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले आणि बाहेरगावच्या माणसाला शहर दाखवणारा वाटाड्या मराठीत पुस्तकरूपाने आला. वाटाड्या आला, पण आमच्याकडच्या माणसाला सकाळी नेऊन रात्री परत आणील अशी गाडी मात्र आली नाही.

त्याचे कारण आमच्याच मुलखाच्या इतिहासात आहे. ज्या वर्षी ती गाडी ठाण्यास गेली, त्याच 1853 च्या मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. वऱ्हाडात काळी जमीन, आणि काळ्या जमिनीत कापूस. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साऱ्या विलायतेचे डोळे वऱ्हाडाकडे वळले. 1865 साली थळ घाटाचा, म्हणजे कसाऱ्याचा, अवघड मार्ग खुला झाला. 1867 साली रूळ थेट नागपूरला भिडले. वाटेत आमचे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव लागले. खामगाव ही तर कापसाची नामांकित पेठ. पण ती मुख्य मार्गापासून आठ मैल आत. तेवढ्यासाठी जलंबहून खास फाटा टाकण्यात आला आणि 1870 साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो खुला करण्यास खामगावी आले. आठ मैलांच्या रुळांसाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय! एवढा मान माणसाला मिळाला नसता. तो कापसाला मिळाला. कापूस गेला तो परतण्यासाठी गेला नव्हता. परत आले ते विलायती कापड.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. रूळ घाटाखाली पडले. घाटावरचे बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा यांनी आगगाडी पाहायची ती घाट उतरून. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. आजोबांनी अर्जावर सही केली, बापाने केली, आता नातू करतो आहे. एवढी वर्षे टिकलेली दुसरी वडिलोपार्जित मालमत्ता आमच्या घाटावर फारशी नसेल.

इतिहासाच्या तासाला मी मुलांना डेक्कन क्वीनची गोष्ट सांगतो. 1 जून 1930 रोजी ती सुरू झाली. मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना नेण्यासाठी ती आरंभी शनिवार-रविवारी धावे. विजेचे इंजिन, चंदेरी नि निळ्या रंगांचे डबे, जेवणाचा डबा. 192 किलोमीटरचे अंतर ती पावणेतीन तासांत काटी. डबे फक्त पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचे. तिसऱ्या वर्गाच्या उतारूला तिची दारे उघडली ती 1955 साली. मात्र पुढे या राणीने वेगळाच संसार मांडला. ती रोज सकाळी सव्वासातच्या सुमारास पुणे सोडू लागली, कचेरीच्या वेळेला मुंबईत पोचू लागली, आणि सायंकाळी पाचनंतर मुंबईहून परत निघू लागली. शर्यतीच्या शौकिनांची गाडी पुण्याच्या चाकरमान्यांची झाली.

एके वर्षी ही गोष्ट सांगत असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मंग थे गाडी राती कोठी मुक्कामी रायते?"

वर्गात हशा पिकला. पण त्या मुलाच्या गावी एस.टी.ची मुक्कामाची गाडी येत असे. रात्री शेवटची फेरी करून आलेली गाडी देवळापुढे उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. पहाटे तीच गाडी शाळा-कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेली म्हातारी आणि तहसिलीत काम असलेला शेतकरी यांना घेऊन तालुक्याला जाते. ज्या गावी गाडी मुक्कामी आहे, त्या गावाचा माणूस तालुक्याचे काम एका दिवसात उरकून घरी येतो. ज्या गावी ती नाही, तिथला माणूस दुपारी पोचतो, आणि साहेब जेवायला गेलेले असतात. पोरगा हसण्याजोगे बोलला नव्हता. त्याने प्रवासाच्या इतिहासाची किल्लीच माझ्या हातात दिली होती. गाडी किती वेगाने धावते यावरून ती कोणाची हे कळत नाही. रात्री ती कोठे मुक्कामी असते यावरून कळते.

योगायोग असा, की एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, गेली तीही 1 जूनलाच, 1948 साली. एकाच तारखेच्या या दोन बहिणी. एक राजवाड्यात वाढली, दुसरी शेणामातीच्या अंगणात. पण दोघींनी काम एकच केले : सकाळी माणसाला नेले आणि रात्री त्याच्या घरी आणून सोडले.

या किल्लीने हल्लीची वेळापत्रके उघडून पाहा. 10 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबई-शिर्डी वंदे भारत सुरू झाली. वेळापत्रकात ती सकाळी मुंबईहून निघते, दुपारच्या आत साईनगरला पोचते, सायंकाळी तिथून परतते आणि मध्यरात्रीच्या आत मुंबईकर आपल्या घरी असतो. एका दिवसाची सुरेख सहल! पण शिर्डीच्या माणसाला मुंबईत दिवसाचे काम असेल तर ही गाडी त्याच्या कामाची नाही. ती त्याला रात्री मुंबईत नेऊन सोडील. दोष गाडीचा नाही, मुक्कामाचा आहे. 10 ऑगस्ट 2025 रोजी सुरू झालेली पुणे-नागपूर वंदे भारत आमच्याच जिल्ह्यातल्या रुळांवरून धावते. 881 किलोमीटर सुमारे बारा तासांत. गाडी देखणी, पण एका दिशेलाच दिवस संपतो, तिथे आजीची अट पाळायची कशी?

जपानी लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी नीट मांडला. 1958 सालच्या नोव्हेंबरात त्यांनी टोकियो-ओसाका मार्गावर एक जलद गाडी सुरू केली. जायला पावणेसात तासांहून थोडे अधिक. तरी सकाळी निघून, तिथे दोनेक तास काम करून, रात्री परतता येई. म्हणून तिचे नाव ठेवले 'कोदामा', म्हणजे प्रतिध्वनी. डोंगरापुढे हाक मारावी आणि ती परत यावी, तसा माणूस त्याच दिवशी परत येतो! पुढे 1 ऑक्टोबर 1964 रोजी जगातली पहिली अतिवेगवान रेल्वे, शिंकान्सेन, तिथेच सुरू झाली. अंतर 515 किलोमीटर, म्हणजे मुंबईहून आमच्या मलकापूर-नांदुऱ्याला येण्याइतके. आरंभी वेळ लागे चार तास. मला मोलाची वाटते ती त्या दिवसाची एक बारीक गोष्ट. पहाटे सहाला एक गाडी टोकियोहून निघाली, आणि त्याच सहाच्या ठोक्याला दुसरी ओसाकाहून निघाली. राजधानीची सकाळ आणि ओसाकाची सकाळ त्यांनी सारखी मानली.

आता आपल्या मेहकरकडे येऊ. मुंबई चारशेहून अधिक किलोमीटर. ताशी दोनशे किलोमीटरची सरासरी पडली तरी दोन-सव्वादोन तासांचा पल्ला. सिंदखेडराजाच्या, जिजाऊंच्या जन्मगावच्या, शाळेतली चाळीस मुले पहाटे निघाली तर नऊच्या आत मुंबईत असतील. वाटाड्या गुरुजी त्यांना जिथून पहिली गाडी सुटली ते बोरीबंदर दाखवील, 1922 साली लोकांसाठी खुले झालेले आणि आज छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव धारण करणारे वस्तुसंग्रहालय दाखवील, गेट वे ऑफ इंडियापाशी समुद्र दाखवील. आमच्या घाटावर अशी पुष्कळ मुले आहेत, ज्यांनी समुद्र फक्त नकाशात निळ्या रंगाचा पाहिला आहे. त्याच गाडीत एखादा कर्करोगाचा रोगी तपासणीला जाईल, एखादी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला जाईल, एखादा शेतकरी मंत्रालयात अर्ज घेऊन जाईल. आणि रात्री सगळे आपापल्या घरी जेवतील.

हे सारे होईल, पण पहिली गाडी पहाटे आमच्या बाजूने निघाली तरच. पहिली गाडी मुंबईहून सुटून दहाला मेहकरला आली आणि परतीची सायंकाळी गेली, तर मुंबईकराला लोणारचे विवर पाहून घरी जाता येईल. त्यांनी यावे, जरूर यावे. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे ते विवर जगाने पाहण्याजोगेच आहे, आणि आलेल्या पाहुण्यामागे चार माणसांची चूल पेटते. पण मग 1853 च्या ठाण्यासारखे आपण पाहण्याचे ठिकाण होऊ, प्रवासी होणार नाही. मोठ्या रस्त्यांचा अनुभव ताजा आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग 2025 च्या जूनमध्ये पुरा झाला. तो सिंदखेडराजा-मेहकरच्या शिवारांतून जातो. त्याच्या कठड्याअलीकडे उभे राहिले की भरधाव गाड्या दिसतात, आणि आपली बैलगाडी पुलाखालून वळसा घेते.

रेल्वेच्या अधिकाऱ्यांना वेगाचे गणित आमच्यापेक्षा चांगले येते. ते त्यांनी करावे. स्थानक होणार म्हटले की आपण लोक मात्र इमारत कशी असेल, जमिनीचा भाव काय येईल, उद्घाटनाला कोण येईल, एवढ्याच गोष्टी विचारतो. 1870 सालीही खामगावला उद्घाटन थाटाचेच झाले होते. यापुढे सभेत, अर्जात, ग्रामपंचायतीच्या ठरावात आणखी एक ओळ लिहावी. जमीन आमची जाणार, तर पहाटेची पहिली गाडीही आमची असावी; निदान एक गाडी रात्री घाटावर मुक्कामी राहावी. मागणी लहान आहे. मागच्या बाकावरच्या मुलालाही ती कळते, आणि वेळापत्रक छापून होण्याआधीच ती करायची असते.