अरे, अहो, आपण : मावळातल्या आदराचा इतिहास

आजचा विषय सभ्यपणाचा आहे, म्हणजे बोलण्यातल्या आदराचा. या विषयावर बोलायला कुणी उभं राहिलं की श्रोत्यांना वाटतं, आता 'आजकालच्या मुलांना मोठ्यांशी कसं बोलावं ते कळत नाही' असं ऐकावं लागणार. आम्ही त्या वाटेला जाणार नाही. ती तक्रार प्रत्येक पिढीने केलेली आहे. आम्हाला विचारायचं आहे ते वेगळंच. 'अहो' कुणाला मिळत होतं, 'अरे' कुणाच्या वाट्याला येत होतं, आणि हे वाटप कुणी ठरवलं? व्याख्यान पौडमध्ये आहे ही या बाबतीत सोयीची गोष्ट. कारण पौड हे एका खोऱ्याचं नाव आहे आणि एका कचेरीचंही आहे. खोऱ्यातली भाषा आणि कचेरीतली भाषा यांची गाठ इथे शेकडो वर्षं पडत आली आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी माणूस रोखठोक, त्याच्या भाषेत 'कृपया' नाही, 'धन्यवाद' नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. शब्द आहेत, पण ते पाटीवर आणि सूत्रसंचालनात. घरात आईने ताट वाढलं आणि मुलगा 'धन्यवाद' म्हणाला तर ती माउली काळजीत पडेल. आपला आदर वेगळ्या जागी लपलेला असतो. 'जरा पाणी देता का', 'तेवढं बघा ना', 'बसा की' यातले 'जरा', 'तेवढं', 'ना', 'की' हे छोटे शब्द ते काम करतात. क्रियापदाचा शेवटही करतो. 'ये', 'या', 'यावं', 'आलात तर बरं होईल' ही एकाच हाकेची चार रूपं आहेत, आणि कोणतं कुणाला वापरायचं हे शाळेत न जाता कळतं. निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं. बांगडी फुटत नाही, ती वाढते. 'नाही' हा शब्द तर शक्यतो टाळायचाच. 'बघू' म्हटलं की समजणाऱ्याला समजतं.

मग सर्वनामं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 सालचं, मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं. एका माणसाला अनेकवचन लावायच्या या रीतीला आपल्या व्याकरणात 'आदरार्थी बहुवचन' असं नाव आहे. नाव चांगलं आहे, पण त्यात एक गंमत दडली आहे. आदर जर अनेकवचनात असेल तर देवाला आपण एकवचनी का हाक मारतो? विठोबाला कुणी 'अहो' म्हणत नाही. आईलाही 'तू', आणि जुन्या घरांत वडिलांना मात्र 'अहो बाबा'. म्हणजे 'तू' हा शब्द दोन टोकांना वापरला जातो. एका टोकाला जवळीक, दुसऱ्या टोकाला कमीपणा. ऐकणाऱ्याला त्यातलं कोणतं ते चुकत नाही. अमेरिकेत रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 साली युरोपातल्या भाषांवर लिहिताना हेच मांडलं की सर्वनामांत सत्ता असते आणि सख्यही असतं. खूण एकच, ती अशी की 'तू' परत करता येतो का? मित्राला परत करता येतो. सावकाराला करता येत नाही.

आता थोडं मागे जाऊ. पौड खोरं हे बारा मावळांपैकी एक. इथले देशमुख ढमाले, शेजारच्या मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर. या लोकांशी राजसत्ता कागदावर कशी बोलत होती हे पाहण्यासारखं आहे. वरून खाली येणाऱ्या पत्रात आज्ञा 'करणे' अशा रूपात येते, 'अमुक गोष्ट करणे', आणि शेवटी 'जाणिजे'. खालून वर जाणाऱ्या पत्रात 'विनंती' किंवा 'विज्ञापना'. बरोबरीच्या माणसाला 'राजमान्य राजेश्री', पुढे त्याचंच 'रा. रा.' झालं आणि विसाव्या शतकातल्या लग्नपत्रिकांपर्यंत ते टिकलं. वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव'. कुणाला कोणता मायना लिहायचा याचे नमुने देणारे 'मेस्तक' नावाचे संग्रह असत आणि कारकुनाला ते पाठ लागत. मायना चुकला तर पत्राचा मजकूर कितीही चांगला असो, भांडण व्हायचं. बायकांच्या नावापुढे 'सौ.' आणि नवरा गेला की 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. बाईला मिळणारा मान नवऱ्याच्या जिवाला बांधलेला. आमच्या मते या सगळ्या यादीत इतकी गोड दिसणारी आणि इतकी कठोर अशी दुसरी उपाधी नाही.

नावांचंही तसंच. जुन्या कागदांत पाटील 'रामजी बिन कृष्णाजी' असतो, ब्राह्मण 'पंत' असतो, वाणी 'शेट' असतो, आणि गरीब माणूस नुसता 'राम्या' किंवा 'धोंड्या'. महारांच्या नावांना 'नाक' लागायचं. 1 जानेवारी 1818 च्या लढाईचा जो स्तंभ कोरेगाव भीमा इथे उभा आहे त्यावर अशी 'नाक' शेवटी असलेली नावं कोरलेली आहेत. दगडात कोरून नाव मिळालं, पण गावात परतल्यावर हाक तीच.

इथे कुणी म्हणेल, हा सगळा रीतिरिवाज होता, त्यात सरकारचा काय संबंध? संबंध होता. सोनार समाजातले लोक स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवत आणि एकमेकांना भेटताना 'नमस्कार' म्हणत. पेशव्यांच्या दरबाराला ते खपलं नाही. दरबाराने मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे बोलणं लावलं आणि 1779 च्या ऑगस्टमध्ये कंपनी सरकारने हुकूम काढून सोनारांना 'नमस्कार' म्हणायला मनाई केली. डॉ. आंबेडकरांनी आपल्या लेखनात या प्रकरणाचा दाखला दिला आहे. विचार करा मंडळी. आज आपण दारातल्या कुणालाही जो शब्द म्हणतो, तो एका समाजाने म्हणू नये म्हणून दोन सरकारांनी पत्रव्यवहार केला. नमस्कार हा तेव्हा शिष्टाचार नव्हता, तो दर्जाचा दाखला होता. ब्राह्मणाने नमस्कार म्हणायचा, कुणब्याने रामराम, महानुभावाने दंडवत, आणि महाराने 'जोहार'.

'जोहार' या शब्दाशी थोडं थांबू या. झारखंडात आणि आपल्या पालघरच्या आदिवासी पट्ट्यात आजही तो अभिमानाने म्हटला जातो. शब्दात दोष नाही. संत एकनाथांनी तर 'जोहार' नावाचा रचनाप्रकारच लिहिला. पण देशावरच्या आणि मावळातल्या गावगाड्यात तो वतनाला जोडलेला होता. महाराने पाटलाच्या वाड्याबाहेर उभं राहून, 'मायबाप' लावून जोहार घालायचा. उत्तरादाखल जोहार परत यायचा नाही. मघाशी म्हटलं ती खूण इथे लावून बघा. म्हणून आंबेडकरी चळवळीत जोहार सुटला आणि त्या जागी 'जयभीम' आला. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी तो रुजवला असं मानलं जातं. जयभीमची थोरवी अर्थातच त्यातल्या नावात आहे. पण भाषेच्या अंगाने पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. जयभीमला उत्तर जयभीमच असतं. म्हणणारा कोण आणि ऐकणारा कोण यावरून शब्द बदलत नाही. वतनाचा कायदेशीर शेवट 1958 च्या कायद्याने झाला. हाक त्याच्या कितीतरी आधी बदलायला लागली होती.

आता आपल्या धरणाकडे. नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीसाठी धरण ठरलं आणि खोऱ्यातली पन्नासहून अधिक गावं त्यात येणार होती. मुळशी हा तेव्हा पेटा होता आणि कचेरी पौडला. जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याने घेतली जात होती. शेतकऱ्याने सरकारशी बोलायची रीत कोणती? अर्ज. अर्ज लिहायचा तर अर्जनवीस पाहिजे, कारण आपल्या तोंडची भाषा कचेरीत चालत नाही. 'मेहेरबान साहेबांचे हुजुरास', 'गरीब रयतेची नम्र विनंती'. शेतकरी स्वतःला 'मी' म्हणत नाही, तो 'अर्जदार' होतो. आपल्याच शेताबद्दल बोलताना तो आपल्याच वाक्यातून बाहेर पडतो. या भाषेत विनवता येतं, पण 'देणार नाही' असं म्हणायला तिच्यात जागाच नाही.

16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी मावळे बायकामुलांसह धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मुळशी सत्याग्रह तो हाच. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. 'जान किंवा जमीन' ही घोषणा बघा. तिच्यात मायना नाही, विनंती नाही, हुजूर नाही. आणखी एक शब्द इथे फिरला, 'मावळा'. पुण्याच्या पेठांतल्या माणसाला मावळातला कुणबी म्हणजे 'अरे' म्हणून बोलवायचा माणूस. सत्याग्रहाने त्याच माणसाला शिवाजी महाराजांचा मावळा म्हणून हाक मारली. पुढाऱ्यांत पुण्याचे शिकलेले लोक, ब्राह्मण, बरेच होते. त्यांनी कष्टकऱ्याला सभेत 'तुम्ही' म्हटलं याची किंमत कमी करायची नाही. पण ते सांगून थांबलं तर इतिहास अर्धा राहील. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा ताबा होता. लढा लांबला तसे हे सावकार मोबदल्याच्या वाटाघाटींकडे वळले आणि कसणारा मागे राहिला. 1924 पर्यंत लढा मोडला, पुढे धरण पाण्याने भरलं. 'तुम्ही' मिळालं, जमीन गेली.

आपल्याकडे समतेची वाट कशी चालली ते पाहताना स्वीडनचं उदाहरण आम्हाला फार बोलकं वाटतं. तिथे 1960 च्या दशकात लोकांनी आदराचं सर्वनाम आणि पदव्या टाकल्या आणि सगळेच एकमेकांना 'तू' म्हणू लागले. 1967 साली ब्रोर रेक्सेड नावाचा अधिकारी एका सरकारी खात्याचा प्रमुख झाला तेव्हा त्याने सर्वांना 'तू'नेच बोलणार असं जाहीर केलं, हा प्रसंग तिकडे प्रसिद्ध आहे. महाराष्ट्रात उलट झालं. ज्याला शतकानुशतकं 'अरे' ऐकावं लागलं त्याला 'तू' सर्वांना वाटून समता मिळाल्यासारखं कसं वाटेल? त्याने 'अहो' मागितलं. आपली समता 'अहो'च्या दिशेने गेली. आम्हाला तर वाटतं, गावातल्या दलित वस्तीत परस्परांना आवर्जून 'राव', 'साहेब', 'ताई' म्हटलं जातं त्याला कुणी हसू नये. ते उशिरा मिळालेलं देणं आहे.

कचेरीच्या भाषेचं काय झालं? भाषा संचालनालय 1960 साली स्थापन झालं, राजभाषा अधिनियम 1964 चा. हुजूर गेले, कारभार मराठीत आला. आणि काय आलं? 'कळविण्यात येते की'. कोण कळवतं? कुणी नाही. 'जाणिजे' म्हणणारा निदान दिसत तरी होता. पुणेरी पाट्यांचंही व्याकरण बघा, 'येथे वाहन लावू नये'. रूप अगदी सभ्य, आणि वाचणारा दुखावूनच पुढे जातो. सभ्य रूप आणि सभ्य हेतू एकत्र असतीलच असं नाही हे जोतीराव फुल्यांनी 1855 च्या 'तृतीय रत्न' नाटकात दाखवलंच होतं. त्यातला जोशी कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालतो, आणि घालतो ती अगदी हिताच्या, काळजीच्या शब्दांत.

हे सांगायचं कारण आजचं आहे. हिंजवडी आपल्याच तालुक्यात, लवासा मोसे खोऱ्यात, आणि धरणाच्या काठाने फार्महाऊसचे प्लॉट. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मावळातला शेतकरी एकाएकी 'शेठ', 'मालक', 'दादा' झाला. एवढं 'अहो-जाहो' त्याच्या आजाने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि त्यात एक सर्वनाम फार वापरलं जातं, 'आपण'. मराठीत 'आम्ही'मध्ये समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. शिवाय 'आपण' म्हणजे फार आदराचं 'तुम्ही'सुद्धा. 'दादा, आपण उद्या रजिस्ट्रेशनला जाऊ', 'आपण सही करून टाका', 'आपण बघून घेऊ'. तीन वाक्यांत तीन वेगळे 'आपण' आहेत. पहिल्यात दोघे जातात, दुसऱ्यात एकटा सही करतो, तिसऱ्यात कुणी बघेलच असं नाही. ऐकणाऱ्याने दर वेळी विचारावं, यातला कोणता?

आणि ज्याच्याकडे विकायला सातबाराच नाही, तो कातकरी? त्याच्या वस्तीवर जाऊन ऐका. वीटभट्टीचा मुकादम, फार्महाऊसचा मालक, आणि कालपर्यंत स्वतः 'अरे' ऐकणारा आमचा नवा शेठ, सगळे त्याला काय म्हणतात ते. साठीच्या म्हाताऱ्याला विशीतला पोरगा 'ए, इकडे ये' म्हणतो, आणि म्हातारा 'आलो दादा' म्हणून उठतो.

आता प्रश्न घेऊ.