बुलिमिया : ‘भस्म्या’ नव्हे, बरा होणारा आजार

एखाद्याचे खाणे जरा वाढले की आपल्याकडे सहज म्हटले जाते, "याला भस्म्या झालाय." हा शब्द जुना आहे. चरकसंहितेत ग्रहणीच्या अध्यायात ‘अत्यग्नी’चे वर्णन येते. कफ कमी होऊन पित्त वाढते, जाठराग्नी भडकतो, खाल्लेले लगेच पचते आणि मग शरीरातील धातूच जळू लागतात. पुढे यालाच भस्मक म्हटले गेले. ‘बुलिमिया’ हा शब्दही ग्रीक भाषेतील ‘बैल’ आणि ‘भूक’ या दोन शब्दांपासून बनला आहे. दोन्ही नावे भुकेकडे बोट दाखवतात. आज आपण ज्याला बुलिमिया म्हणतो त्याचे मूळ मात्र पोटात नाही.

आजाराची ओळख कशी पटली?

1979 मध्ये लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जेराल्ड रसेल यांनी 30 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव दिले. या रुग्णांना अनावर खाण्याचा झटका यायचा. त्यानंतर ते मुद्दाम उलटी करत किंवा जुलाबाची औषधे घेत. मनात एकच धास्ती होती, लठ्ठ होण्याची. उलटीसाठी घशात बोटे घातल्याने हाताच्या सांध्यांवर दातांचे घट्टे पडतात. या खुणेला आजही ‘रसेलची खूण’ म्हणतात.

त्या वेळी हा आजार दुर्मीळ वाटत होता. मग ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी महिलांच्या एका मासिकातून आवाहन केले. आलेल्या उत्तरांपैकी 499 स्त्रियांमध्ये या आजाराची लक्षणे सापडली. 1982 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी बहुतेकींचे वजन सर्वसाधारण होते आणि उपचार घेणाऱ्या अगदी थोड्या होत्या. म्हणजे आजार दुर्मीळ नव्हता, लाजेमुळे लपलेला होता. 1995 मध्ये राजकुमारी डायना दूरदर्शनवरील मुलाखतीत स्वतःच्या बुलिमियाबद्दल बोलल्या, तेव्हा कुठे ही लाज थोडी कमी झाली.

चक्र कुठे तोडायचे?

रसेल यांना हा आजार बरा होणे कठीण वाटले होते. फेअरबर्न यांनी त्याचे चक्र उलगडले. वजनाच्या भीतीने जेवण टाळले जाते, उपाशी शरीर अन्नावर तुटून पडते, मग अपराधी वाटते, उलटी होते आणि पुन्हा कडक उपास सुरू होतो. म्हणून उपचाराची सुरुवात ‘कमी खा’ या सल्ल्याने होत नाही, ती ‘वेळेवर खा’ यापासून होते. तीन जेवणे, मधे दोन-तीन वेळा थोडे खाणे आणि चार तासांहून जास्त उपाशी न राहणे. त्यासोबत खाण्याची नोंदवही ठेवतात आणि वजनाबद्दलच्या विचारांवर काम होते. ही बोधात्मक वर्तन उपचार पद्धती साधारण पाच महिने, सुमारे 20 बैठकांत चालते. लहान वयाच्या रुग्णांत आईवडिलांना उपचारात सामील करून घेतात. फ्लुओक्सेटिन हे औषधही उपयोगी ठरते, पण नैराश्यात साधारण 20 मिलिग्रॅम लागते तिथे या आजारात बहुधा 60 मिलिग्रॅम लागते. त्यामुळे ते मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

घरच्यांनी काय पाहावे?

जेवण होताच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसणे, डबे गुपचूप रिकामे होणे, गाल कानाजवळ सुजणे, दात आतून झिजणे, सारखे उपास धरणे. आपल्याकडे उपासाला कुणी हरकत घेत नाही, म्हणून त्याआड हा आजार सहज लपतो. मुलींप्रमाणे मुलांनाही तो होतो. कुस्तीसारख्या वजनी गटाच्या खेळात धोका अधिक असतो.

वारंवार उलट्यांनी रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, धडधड किंवा उलटीतून रक्त आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, साध्या पाण्याने चूळ भरा.

‘नाटकं करू नकोस’ किंवा ‘खादाड’ असे म्हणू नका, त्याने लपवणे वाढते. मिरज आणि कराडच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. 2022 पासून ‘टेलिमानस’चा 14416 हा मोफत क्रमांकही सुरू आहे. तिथे मराठीत बोलता येते. पहिल्या फोनवर सगळे सांगता आले नाही तरी चालेल, "जेवणानंतर उलटी करते" एवढे सांगितले तरी पुरे.