आजारातून उठल्यावर पुन्हा धावताना

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण पट्ट्यात आजारपणाचा हंगाम आणि धावण्याच्या सरावाचा हंगाम नेमके एकाच वेळी येतात. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते. २००४ साली तिला प्रारंभ झाला आणि पुढे धावण्याचा हा छंद महानगराची वेस ओलांडून कल्याण, टिटवाळा, खडवली, वासिंद असा कसारा मार्गाने वर सरकत गेला. जानेवारीत धावायचे तर सरावाला जुलै-ऑगस्टमध्ये लागावे लागते. हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, कावीळ आणि लेप्टोस्पायरोसिस यांचेही हेच महिने. सराव ऐन रंगात आला असता ताप येतो, आठ-दहा दिवस अंथरुणावर जातात आणि बरे वाटू लागताच मनात पहिला विचार येतो तो बुडालेल्या दिवसांची भरपाई करण्याचा. या घाईतच दुसरे दुखणे ओढवते. ही घाई कशी टाळावी आणि त्या काळात ताटात काय असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंथरुणाची किंमत

विश्रांतीने शरीर किती खालावते, याचे उत्तम मोजमाप १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे झाले. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्णवेळ अंथरुणावर ठेवण्यात आले. त्या अवधीत शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांच्या सरावाने ती भरून आली. तीस वर्षांनी याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा निघालेला निष्कर्ष चकित करणारा होता. तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांची क्षमता जेवढी घटली होती, त्यापेक्षा तरुणपणी तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक घटली होती. शिवाय पन्नाशीतही सहा महिन्यांच्या सरावाने त्यांनी वयामुळे झालेली घट भरून काढली. हे सर्व जण निरोगी होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. ताप, भूक मरणे आणि रक्तक्षय यांची भर पडली की नुकसान याहून मोठे असते.

मात्र शरीराचे सर्व भाग एकाच गतीने सावरत नाहीत. पडून राहिल्याने रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या काही दिवसांतच उतरते, म्हणून उठल्यावर जिना चढताना छाती धडधडते. हालचाल सुरू झाली की हा द्रव लवकर भरून येतो आणि दोन-तीन आठवड्यांत दम पुरू लागतो. स्नायूंना त्याहून अधिक वेळ लागतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि स्वतः हाडे यांना तर महिने लागतात. परिणामी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुप्फुसे ‘धाव’ म्हणतात, पण नडगी आणि टाच अजून तयार नसतात. आजारातून उठलेल्यांचे पाय याच टप्प्यावर दुखावतात. या काळात दमाच्या भरवशावर अंतर ठरवू नये, एवढे एक पथ्य सांभाळले तरी पुष्कळ साधते.

प्रत्येक तापाचा स्वभाव वेगळा

‘ताप उतरला म्हणजे बरे झालो’ हा समज डेंग्यूत सर्वांत घातक ठरतो. या रोगात धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच, म्हणजे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास येतो. रक्तातील द्रव वाहिन्यांबाहेर पाझरतो आणि प्लेटलेट्स घटलेल्या असतात. पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन वा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये, कारण त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. हा टप्पा सुखरूप पार पडल्यावरही अशक्तपणा कित्येक आठवडे रेंगाळतो.

हिवतापाचे दुखणे निराळे. त्यात तांबड्या पेशी नष्ट होतात आणि प्लीहा वाढते. वाढलेल्या प्लीहेला हादरा किंवा मार बसणे धोक्याचे असते. म्हणून हिमोग्लोबिन तपासून आणि डॉक्टरांकडून पोट तपासून घेतल्याखेरीज धावू नये. व्हायव्हॅक्स जातीच्या हिवतापाचे जंतू यकृतात दडून राहतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यावर दिल्या जाणाऱ्या प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या बरे वाटताच अर्ध्यावर सोडणारे अनेक असतात. सरावाचे वेळापत्रक दुसऱ्यांदा कोलमडते ते अशा अर्धवट उपचाराने. (या गोळ्या काही व्यक्तींना सोसत नाहीत, त्यासाठी आधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करतात.)

विषमज्वरात आतड्याला व्रण पडतात. ते भरेपर्यंत धावणे वर्ज्य. काविळीत यकृताच्या तपासण्या पूर्वपदावर येईतो थांबावे आणि मद्य पूर्णतः टाळावे. चिकुनगुन्यात ताप चार-पाच दिवसांचा, पण सांधेदुखी महिनोन् महिने पुरते. सांधा सुजलेला असेल तर धावू नये. चालणे किंवा सायकल चालेल. कोविडच्या अनुभवातून सर्वांनी घ्यावा असा एक धडा म्हणजे विषाणूजन्य तापानंतर हृदयाच्या स्नायूला क्वचित सूज असू शकते. छातीत दुखणे, अकारण धडधड, भोवळ, थोड्या श्रमाने असामान्य दम यांपैकी एकही लक्षण असल्यास ईसीजी आणि हृदयाची तपासणी झाल्याशिवाय सराव सुरू करू नये.

पुलाच्या पायऱ्या

सुरुवात केव्हा करावी, हा प्रश्न सर्वांना पडतो. तापाची गोळी न घेता किमान दोन दिवस ताप नसावा. दोन्ही वेळचे जेवण पूर्ण जात असावे. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी आजारापूर्वीच्या नाडीहून मिनिटाला दहापेक्षा अधिक ठोक्यांनी वाढलेली नसावी. ज्यांनी आजारापूर्वी कधी नाडी मोजलीच नाही, त्यांच्यासाठी रेल्वेचा पादचारी पूल हे सोपे परीक्षास्थान आहे. रोजच्या चालीने, मध्ये न थांबता पूल चढून जावे आणि वर पोहोचल्यावर पूर्ण वाक्य बोलता यावे. बोलता येत नसेल तर धावणे पुढे ढकलावे.

जितके दिवस ताप होता, निदान तितके दिवस केवळ चालावे. हा नियम शास्त्रीय प्रयोगातून आलेला नाही, तो व्यवहाराचा आहे. पण तो सहसा दगा देत नाही. प्रथम सपाट रस्त्याने वीस मिनिटे, मग अर्धा तास. त्यानंतर एक मिनिट हलके धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशी आठ आवर्तने करावीत, तीही एक दिवसाआड. दर आठवड्याला धावण्याची मिनिटे थोडी वाढवावीत, चालण्याची कमी करावीत. धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, ही वेगाची मर्यादा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकताना दुखले तर पुढचा टप्पा न गाठता मागच्या टप्प्यावर यावे. सलग अर्धा तास सहज धावता येईपर्यंत चढ, वेग आणि घड्याळ या तिन्हींना रजा द्यावी.

खडवलीत धावावे कोठे, हाही विचार हवा. भातसा नदीचा काठ पहाटे रम्य असतो, परंतु पावसाळ्यात तो विश्वासाचा नाही. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी याच पात्रातून पुढे पिसे येथील बंधाऱ्याकडे जाते आणि तेथून मुंबईला पुरविले जाते. धरणातून विसर्ग वाढला की येथे पाऊस नसतानाही पात्र फुगते. सहलीला आलेली माणसे येथे बुडाल्याच्या बातम्या वारंवार येतात, तेव्हा घामेजल्या अंगाने पाण्यात उतरण्याचा मोह आवरावा. दुसऱ्या बाजूला पडघ्याकडे जाणारा रस्ता पुढे मुंबई-नाशिक महामार्गाला मिळतो. जुलै २०२३ मध्ये खडवली फाट्यावर कंटेनर आणि जीप यांच्या धडकेत प्रवासी दगावले होते. फाट्याच्या अलीकडेच माघारी वळणे शहाणपणाचे. बांधावरून किंवा साचलेल्या पाण्यातून जावे लागत असेल आणि पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. अशा पाण्यातून गेल्यास डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी.

पेज किती दिवस?

आजारात पेज, मऊ भात, मुगाचे वरण ही आपली रीत योग्यच आहे. मीठ घातलेली भाताची पेज पाणी आणि क्षार दोन्ही देते. अडचण येते ती ताप गेल्यावरही दोन-तीन आठवडे तेवढ्यावरच भागविल्याने. तापात शरीराने स्वतःचे स्नायू मोडून उष्णता पुरविलेली असते आणि ते पुन्हा घडवायला प्रथिने लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. आजारातून सावरताना हे प्रमाण साधारण १.२ ग्रॅमपर्यंत न्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते वाढवू नये.

५५ किलो वजनाच्या माणसाला याप्रमाणे ६६ ग्रॅम प्रथिने लागतात. हा आकडा ऐकून पुष्कळ जण डब्यातल्या पावडरीकडे धावतात. तिची गरज नाही. दिवसभरात तांदूळ आणि नागली मिळून ३०० ग्रॅम धान्यातून २२ ग्रॅम, ५० ग्रॅम डाळीच्या वरणातून ११, तेवढ्याच कडधान्याच्या उसळीतून ११, दोन अंड्यांतून १२ आणि ३०० मिलिलिटर दूध वा दह्यातून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज झाली. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही प्रथिनांच्या पावडरी टाळण्याचाच सल्ला आहे.

या परिसराचे अन्न त्या दृष्टीने श्रीमंत आहे. नागलीत १०० ग्रॅममागे सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वालाचे बिरडे, कुळथाचे पिठले, सुकट, जवळा ही प्रथिनांची स्वस्त साधने आहेत. रक्तदाब असलेल्यांनी सुकी मासळी धुऊन, बेताने खावी. आदिवासी स्त्रिया पावसाळ्यात विकायला आणतात त्या टाकळा, कुर्डू, कंटोळी या रानभाज्यांनी ताटाची विविधता वाढते. शेवळं मात्र काकडांसोबत, नीट शिजवूनच खावीत, अन्यथा घसा खाजतो. हिवतापानंतर रक्त भरून येण्यासाठी पालेभाजी, अळीव, जमत असल्यास मटण-कलेजी घ्यावी आणि जेवणावर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेतला तर लोह अंगी लागत नाही. तासाभराचे अंतर ठेवावे.

आणखी एक अडचण कालगणनेची. शरीराला प्रथिनांची निकड असते तेव्हाच श्रावण लागतो आणि अनेक घरांतून मासळी आणि अंडी गणपतीपर्यंत हद्दपार होतात. व्रत मोडा, असे कोणी सांगणार नाही. पण त्याच काळात सोमवार, शनिवार आणि एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढून दुसऱ्या पहाटे धावायला जाणे हे शरीराशी वैर आहे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नगण्य, जी काही मिळतात ती शेंगदाण्याच्या कुटातून. उपवास करायचाच तर दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा यांवर भर द्यावा आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घ्यावी. आजारातून उठून महिना झाला नसेल तर ते वर्ष सोडून द्यावे. आजाऱ्याला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याकडे आहेच.

वजन वाढले असेल तर? हाड मोडल्याने किंवा गुडघा दुखावल्याने घरी बसलेल्यांची ही नेहमीची चिंता. पहिल्या सहा आठवड्यांत आहार तोडून धावणे वाढविण्याचा दुहेरी मारा करू नये. भूक मारून धावणाऱ्याची हाडे चिरतात. मुंबईहून परतताना कल्याणला गाडीची वाट पाहत खाल्ला जाणारा वडापाव, गोड चहा आणि रात्री दहाचे जेवण एवढे सावरले तरी आरंभाला पुरे. डब्यात भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि एक केळे ठेवले म्हणजे फलाटावरची भूक भागते आणि घरी जेवण बेताचे होते.

साबळे यांचे उदाहरण

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांची कारकीर्द या संदर्भात पाहण्याजोगी आहे. दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धेची संधी हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसमधील गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे पाण्याच्या अडथळ्याजवळ पडून त्यांचा गुडघा जायबंदी झाला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोच्या जागतिक स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. गुडघ्यातील अस्थिबंध जोडल्यानंतर स्पर्धेत उतरण्यास किमान नऊ महिने थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात. सैन्यदलाचे प्रशिक्षक आणि डॉक्टर दिमतीला असलेल्या धावपटूलाही हा अवधी चुकत नाही. साडेपाचची लोकल गाठणाऱ्या हौशी धावकाने आपल्या हिशेबात तो धरायलाच हवा.

ऑगस्टमध्ये आजारी पडलेल्याने जानेवारीत अर्धमॅरेथॉनऐवजी दहा किलोमीटरचे नाव नोंदवावे. सप्टेंबरअखेर सलग अर्धा तास धावणे जमले तर उरलेल्या तीन महिन्यांत दहा किलोमीटरची तयारी निवांतपणे होते. ऑक्टोबर उजाडूनही दम पुरत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर या तीन तपासण्या करून घ्याव्यात. धावण्याचे जुने बूटही त्या आधी एकदा पाहून घ्यावेत. पावसाळाभर कोपऱ्यात पडलेल्या बुटांना बुरशी धरते आणि तळ सुटतो.