दात दुखत नाही, मग तपासायचा कशाला? दातांबद्दल घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. मुलांना तपासते आणि ज्यांचे दात किडलेले असतात त्यांच्या हातात चिठ्ठी देते : दंतवैद्याकडे न्यावे. ती चिठ्ठी बहुतेक वेळा दप्तरातच राहते. पालकसभेत आम्ही विचारले की उत्तर ठरलेले असते, "सर, त्याला दुखतच नाही. दुखेल तेव्हा नेऊ."

हे उत्तर आमच्या घरातही वर्षानुवर्षे चालले. आमच्या खाला रोज सकाळी मिशरी लावायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा आला होता, पण दुखत नव्हता, म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. दाढ ठणकली तेव्हा नाइलाजाने दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी दाढ बाजूला ठेवली आणि आधी चट्टा पाहिला. तपासणीत तो कॅन्सर होण्याच्या अलीकडचा निघाला. मिशरी सुटली, उपचार झाले, खाला आज आमच्यात आहेत, अल्हम्दुलिल्लाह. पण दाढ ठणकली नसती तर काय झाले असते, हा विचार आला की आजही झोप उडते.

तेव्हापासून पालक, शेजारी आणि नातेवाईक जे प्रश्न विचारतात ते आम्ही वहीत टिपून ठेवतो आणि डॉक्टरांना विचारतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे देत आहोत.

दुखत नसताना तपासणी का करायची?

दाताचे वरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात नस नसते, म्हणून त्याला कीड लागली तरी कळत नाही. कीड आतल्या थरात गेली की थंड-गरम लागते. नसेपर्यंत गेली की रात्रीची झोप जाते. म्हणजे दुखायला लागले तोवर बराच उशीर झालेला असतो. पहिल्या टप्प्यात जे काम सिमेंट भरून अर्ध्या तासात होते, त्याला शेवटच्या टप्प्यात रूट कॅनाल आणि कॅप लागते, नाहीतर दात काढावा लागतो. वाट पाहिल्याने पैसे वाचत नाहीत, उलट वाढतात. हिरड्यांचा आजार आणि तोंडाचा कॅन्सरही सुरुवातीला दुखत नाहीत.

किती महिन्यांनी जावे? तिथे नेमके काय करतात?

साधारणपणे सहा महिन्यांनी एकदा. ज्यांचे दात चांगले आहेत त्यांना डॉक्टर वर्षाची मुदतही देतात. मधुमेह असणाऱ्यांना, तंबाखू-सुपारी खाणाऱ्यांना आणि दातांना तारा लावलेल्या मुलांना लवकर बोलावतात.

डॉक्टर छोट्या आरशाने दात, हिरड्या, जीभ, टाळू आणि गालाची आतली बाजू पाहतात. गरज वाटली तर एक्स-रे काढतात. दाताच्या एक्स-रेचे किरण फार थोडे असतात, घाबरण्यासारखे काही नाही. मात्र साखर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन किंवा गरोदरपण यांतले काही असेल तर आधीच सांगावे. रक्त पातळ होण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

दात साफ करून घेतले की हलायला लागतात म्हणे?

हा गैरसमज घरोघरी आहे. रोज नीट न घासलेल्या दातांवर दगडासारखा थर साचतो. त्याच्याखाली हिरडी सुजते, घासताना रक्त येते आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. लोक याला पायरिया म्हणतात. दात तेव्हाच हललेला असतो, फक्त त्या थराने त्याला जखडून ठेवलेले असते. थर काढला की मोकळे मोकळे वाटते आणि आळ सफाईवर येतो. खरे तर सफाई उशिरा केल्याचा तो परिणाम असतो.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, हीसुद्धा ऐकीव गोष्ट आहे. दाताची नस आणि दृष्टीची नस वेगवेगळ्या आहेत.

रूट कॅनाल चांगले की दात काढून टाकणे?

वाचत असेल तर आपला दात वाचवावा. रूट कॅनालमध्ये भूल देऊन आतली सडलेली नस काढतात, मुळाच्या नळ्या स्वच्छ करतात आणि भरून बंद करतात. एक ते तीन वेळा जावे लागते. ठणका थांबला की पुष्कळ जण दुसऱ्या वेळेला जातच नाहीत. असे अर्धवट सोडलेले दात पुढे जास्त त्रास देतात. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, म्हणून वर कॅप बसवतात. खर्च किती आणि किती टप्प्यांत, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावे. त्यात संकोच कसला?

दुखऱ्या दाढेवर लवंगेचे तेल लावून थोडा वेळ बरे वाटते, पण कीड जात नाही. दाढेजवळ गोळी दाबून ठेवणे तर वाईटच, त्याने हिरडी भाजते. गालावर सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल तर रात्र काढू नये, लगेच दवाखाना गाठावा.

दाढ काढल्यावर वुजू कसा करायचा? कॅप असेल तर गुस्ल होतो का?

दाढ काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरतात आणि पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नसते. जखमेत रक्ताची जी गाठ बनते ती निघाली तर ठणका लागतो. वुजूमध्ये कुल्ली सुन्नत आहे, इजा होण्याची भीती असेल तर ती सोडण्याची सवलत उलमा सांगतात. कायम बसवलेली कॅप किंवा सिमेंट सहज निघत नाही, म्हणून ते दाताचाच भाग मानले जाते आणि गुस्ल होतो. काढता-घालता येणारी कवळी मात्र गुस्ल करताना काढावी. आपल्या परिस्थितीचा मसला आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावा.

रोजात दातांचे उपचार करता येतात का?

भुलेच्या इंजेक्शनाने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात. धोका असतो तो पाणी, औषध किंवा रक्त घशाखाली जाण्याचा. म्हणून साधी कामे रमजानच्या आधी उरकावीत किंवा इफ्तारनंतरची वेळ घ्यावी. पण पू झाला असेल, सूज आली असेल तर ईदपर्यंत थांबू नये. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत दीननेच दिली आहे.

रमजानमध्ये सहेरीनंतर आणि रात्री झोपताना ब्रश करावा. दिवसा मिस्वाक चालते. पेस्टची चव घशात जाण्याची भीती असते, म्हणून ती दिवसा टाळावी.

मिस्वाक पुरेशी आहे की ब्रशही हवा?

मिस्वाक सुन्नत आहे आणि फायद्याचीही आहे. पीलूच्या काडीचे तंतू दात घासतात आणि तिच्यातल्या रसात जंतूंना रोखणारे घटक असतात. पण काडी ताजी हवी, तिचे टोक रोज कापून नवे करावे आणि ती हिरडीवर जोरात रगडू नये. दातांच्या आतल्या बाजूला आणि शेवटच्या दाढांपर्यंत ती पोहोचत नाही. म्हणून दिवसातून दोन वेळा फ्लोराइड असलेल्या पेस्टने मऊ ब्रश वापरावा आणि नमाजच्या वेळी मिस्वाक करावी. दोन्ही एकमेकांच्या जोडीला आहेत. रात्रीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा, आणि आपल्याकडे तोच चुकतो. माउथवॉशमध्ये अल्कोहोल नको असेल तर बिनअल्कोहोलचे मिळते, बाटलीवर तसे लिहिलेले असते.

मुलांचे दुधाचे दात पडणारच असतात, मग खर्च का?

दुधाचे वीस दात पुढच्या दातांची जागा धरून ठेवतात. ते किडून लवकर गेले तर मागचे दात वाकडेतिकडे येतात. शिवाय दुखऱ्या दातांचे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, हे आम्ही रोज पाहतो.

एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते आणि बहुधा तीच आधी किडते. डॉक्टरांना विचारून तिच्या खाचा वेळीच भरून घ्याव्यात.

पहिला दात आला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, नंतर वाटाण्याएवढी. मुलाला दुधाची गोड बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. गोड कधीच द्यायचे नाही असे नाही, पण दिवसभर थोडे थोडे चघळण्यापेक्षा जेवणासोबत एकदाच दिलेले बरे.

खेळताना पक्का दात मुळासकट निघाला तर तो फेकू नका. मूळ न घासता वरच्या भागाला धरा, दुधात टाका आणि अर्ध्या तासात डॉक्टर गाठा. दात पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

गरोदरपणात उपचार चालतात का? आणि मधुमेहात?

चौथ्या ते सहाव्या महिन्यात नेहमीचे उपचार निर्धास्त करता येतात. ठणका किंवा सूज असेल तर कोणत्याही महिन्यात डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात. हिरड्या सुधारल्या तर साखर आटोक्यात यायला मदत होते.

मिशरीने दात मजबूत होतात ना? आणि साध्या सुपारीने काय होते?

मिशरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ती लावल्यावर दुखणे कमी वाटते, कारण तंबाखूची नशा काम करते. आजार आत वाढतच राहतो. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीपर्यंत कायदा पोहोचत नाही. तिथे मुलगी आणि सूनच पोहोचू शकतात.

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे मुलांनाही माहीत असते. साधी सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविना सुपारीसुद्धा कॅन्सर करते असे जाहीर केले. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडेनासे होते. लग्नात मुलांच्या हातात मीठी सुपारीची पुडी देताना याचा विचार करावा.

घरीच एक परीक्षा करा. आपली मधली तीन बोटे उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर तपासणी हवी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, पंधरा दिवसांत न भरलेली जखम किंवा गाठ असेल तर दुखत नसली तरी जावे. सुरुवातीला सापडलेला आजार बरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. कॅन्सरवरील उपचार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत, कागदपत्रांची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी.

नाशिकमध्ये कमी खर्चात कुठे जावे?

त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय आहे. पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. जुन्या नाशिकहून गोदावरी ओलांडली की फार लांब नाही. महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च कमी येतो. आपल्या बहिणींना स्त्री डॉक्टर हवी असेल तर केस पेपर काढतानाच सांगावे.

रस्त्यावर बसून "पक्का दात" लावून देणाऱ्यांकडे जाऊ नये. ते शेजारच्या चांगल्या दातांना मसाला चिकटवून दात बसवतात. खाली अन्न सडते आणि चांगले दातही जातात. शिवाय न उकळलेल्या हत्यारांतून कावीळ पसरू शकते. कायद्यानुसार डॉक्टरची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक पाहणे आपला हक्क आहे. आणि हे शिक्षण या देशात उभे करणारे डॉ. रफीउद्दीन अहमद होते, हे आपल्या मुलांना जरूर सांगावे. त्यांनी 1920 मध्ये कोलकात्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले, आणि त्यासाठी स्वतःच्या आइस्क्रीमच्या दुकानातला पैसा घातला. 1964 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

वाचकहो, एवढे वाचून झाल्यावर दोन कामे करा. मुलाच्या दप्तरात ती चिठ्ठी आहे का पाहा. आणि घरात मिशरी लावणाऱ्या अम्मी, नानी, खाला असतील तर त्यांना खिडकीच्या उजेडात बसवून एकदा तोंड उघडायला सांगा. त्या म्हणतील, "काही दुखत नाही ग." तरी पाहा.